घर आणि पाहुणे

आई, वरच्या मजल्यावर आता नेट पोचलं. हे वाक्य तुला कसं समजावून सांगावं इथपासूनच माझी पंचाईत आहे. तू गेलीस तेव्हा बोरगावच्या या घरात डायल फिरवायचा फोन होता आणि तो वाजला की तू ओले हात पदराला पुसत धावायचीस. वरचा मजला तर तू पाहिलाच नाहीस, तो तुझ्या लेकानं नंतर बांधला. आता घरात एक डबा बसवतात. त्याला बाहेरून एक बारीक तार येते आणि पुढे तारेशिवायच, नुसत्या हवेतून, फोनला आणि कॉम्प्युटरला जगातलं काय हवं ते मिळतं. कसं मिळतं ते मला विचारू नकोस. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं, पण बरं झालं मी वेळेवर रिटायर झाले.

तुझा धाकटा हल्ली हिंगणघाटच्या कापूस-जिनिंगवाल्यांची हिशेबाची कामं घरी बसून कॉम्प्युटरवर करतो. ते सगळं नेटवर चालतं, आणि नेटचा डबा खाली माझ्या बैठकीत. वर काही येत नव्हतं. दिवसभर तो जिन्याच्या पायरीवर कॉम्प्युटर मांडीवर घेऊन बसायचा, आणि एक दिवस तिथूनच मला म्हणाला, "ताई, हिंगणघाटले खोली पाहून राह्यलो. सगळेच जाऊ म्हणतो." मी "बरं" म्हटलं आणि आत येऊन गॅसवरचं वरण उतू जाताना नुसती बघत राहिले. आमच्या चुली वेगळ्या आहेत, दिवसात चार वाक्यंही बोलणं होत नाही. पण वर कुणीतरी खुर्ची सरकवतं, नळ सोडतं, तेवढ्यावर माझा दिवस जातो. ते गेले तर वर कुलूप आणि खाली मी. मला भीती वाटली, आई. मग मीच जिन्यात जाऊन त्याला सांगितलं, "थांब थोडा. वर नेट मी लावून देते." तो माझ्याकडे बघून हसला. "तू?" म्हणाला.

नेटवाला येऊन गेला. "म्याडम, स्लॅबातून नाई जात थे. जिन्यातून वायर वढा अन् वर दुसरा डबा लावा," एवढं सांगून गाडीला किक मारून गेला. मी त्याच कंपनीचा दुसरा डबा आणला, वायर आणली, जिन्याकडच्या खिडकीच्या चौकटीशेजारी भोक पाडून घेतलं. हिंदीतले व्हिडिओ बघून बघून डोकं पिकलं. त्यातला माणूस फार प्रेमानं बोलतो, पण कुठलं भोक कुठलं हे दाखवताना नेमका त्याचा हात मध्ये येतो. शेवटी वायर लागली, दिवे लागले, आणि माझा घात माझ्या टापटिपीनं केला. खालच्या डब्याला दोन भोकं रिकामी दिसली. धूळ आणि मुंग्या जायला नकोत म्हणून सोबत आलेल्या छोट्या वायरीची दोन्ही टोकं मी त्या दोन भोकांत खोचून दिली. त्याबरोबर सगळे दिवे वेड्यासारखे लुकलुकायला लागले आणि वरचं-खालचं सगळंच बंद पडलं. डब्यानं स्वतःशीच बोलत सुटायचं आणि बाहेरचं काही ऐकायचंच नाही, असं काहीतरी होतं म्हणे. कारण कळून ती वायर उपटेपर्यंत माझ्या दोन्ही डब्यांना यथेच्छ शिव्या घालून झाल्या होत्या.

खरा घोळ त्याच्या पुढचा. व्हिडिओतला माणूस म्हणाला, घरात कुणाचं बाहेरचं काम चालत असेल तर त्याचं नेट वेगळं ठेवा, म्हणजे एकाकडचा बिघाड दुसऱ्याकडे जात नाही. मला पटलं. तुझ्या लेकाच्या कॉम्प्युटरवर लोकांचे हिशेब, त्याला वेगळंच बरं. फोनवर ती सोय सापडली, तिचं नाव गेस्ट. मराठीच्या बाई रजेवर असल्या की त्यांचा तासही मी घ्यायचे, इंग्रजी शब्दाचं मराठी करायची ती खोड काही गेली नाही. एका नेटचं नाव ठेवलं 'घर', दुसऱ्याचं 'पाहुणे'. 'घर' माझं, 'पाहुणे' त्यांचं. आणि लक्षात राहावा म्हणून दोन्हीचा पासवर्ड एकच ठेवला. त्याला वर फक्त पासवर्ड सांगितला. कुठल्या नावाला तो लावायचा, हे सांगायचं राहून गेलं.

पाहुणे हा शब्द माझ्या हातून कसा लिहिला गेला ते मला खरंच कळत नाही. तो शब्द तर मला ठाऊक आहे. कारंजाला सासरी असतानाची ती दिवाळी. मी माहेरी आलेय, परसात भांड्यांचा ढीग आहे, मी पाटावर बसून पातेलं ओढते, आणि तू माझ्या हातातला राखेचा चोथा काढून घेतेस. "ठेव थे. पाहुणी हायेस तू." तू मायेनंच म्हणालीस असणार, पण सणाच्या दिवशी मी मोरीत जाऊन रडले होते. मग नवरा वारल्यावर मी बॅग घेऊन कायमची इथे आले. दुसऱ्याच सकाळी तू चादर ओढलीस आणि ओरडलीस, "उठ वं, भांडे पडले हायेत." इतकं गोड कुणी मला कधीच रागावलं नाही. ती भांडी मी दोनदा घासली.

तर नेट लागल्याच्या दुसऱ्या दिवशी तुझा लेक खुशीत खाली आला. "वर मस्त चालून राह्यलं, ताई!" म्हणत त्यानं टेबलावरचा माझा फोन उचलला, माझ्याकडे कसं चालतं बघायला. बघता बघता त्याचा चेहरा उतरला. "हे पाहुणे काय हाये?" मला वाटलं, आता संपलं. त्यांना मी पाहुण्यांत टाकलं हे त्याला कळलं. मी काही बोलायच्या आत तो "राहू दे, समजलं मले," म्हणून निघून गेला. नंतर वर खुर्चीही हळू सरकायला लागली. हिंगणघाटची खोली आता पक्की, असं मी धरून चालले.

मग तुझी सून वाटीत पातोड्यांची भाजी घेऊन आली आणि दारातच रडवेली झाली. "ताई, आमचं काई चुकलं का? थे धड जेवत नाईत. म्हणते, ताईनं आमाले घर देल्लं अन् सवता पाहुण्यात जाऊन बसली. काऊन असं केलं तुमी?" मला आधी काही उमगेचना. मग फोन उघडून बघितला. नावं ठेवताना चालतं का बघायला मी 'पाहुणे' लावून पाहिलं होतं, तेव्हापासून माझा फोन त्यालाच चिकटून बसला होता. आणि वरच्यांना दोन नावं दिसली, त्यांनी सरळ 'घर'वर बोट ठेवलं होतं. दुसरं नाव आपलं असेल हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

ती वर गेली तसा तो खाली आला, जिन्यातच थांबला. "हिंगणघाटच्या खोलीले नाई म्हणून सांगतलं," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "थे नाव काढ आधी. घर तुयं हाये, ताई. तू कायची पाहुणी?"

नाव मी तेव्हाच पुसलं. आता एकच आहे, वर आणि खाली. पण हे पत्र वर कुणाच्या हाती लागता कामा नये, आणि तुझ्याकडे पाठवायची सोय ना तारेनं, ना तारेशिवाय. म्हणून लिहून झालं की चुलीत घालीन म्हणते, तर घरात चूल कुठली, गॅस आहे. त्यांना पाहुण्यांत मीच घातलं होतं, हे त्याला तिथेच जिन्यात, त्याच्या 'तू कायची पाहुणी'वर, सांगायला मी तोंड उघडलंही होतं, आई. पण बाहेर पडलं ते भलतंच. "काय म्हणलं?" मी विचारलं, "ऐकू नाई आलं." ऐकू चांगलं आलं होतं.