इरम्माच्या बाळाचा मुलूख

तेरखेडा, ता. २२ जुलै १९४७

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, मग पत्र लिहायचं तरी कसं? म्हणून वरची जागा कोरीच सोडली. माझा भाऊ सिद्धलिंग माहेराहून, बार्शीहून आलाय, आमच्या अप्पांचा निरोप घेऊन; पाकिटावर तुमचं नाव तोच घालील. चरणी शरणार्थ. इथं सगळी खुशाल. आत्याबाईंचा गुडघा आता बरा आहे.

तुमचं पत्र पोचलं. वकिलीची परीक्षा झाली, आता मुंबईतच आणखी दोन वर्षं आंतरराष्ट्रीय कायदा शिकायचा म्हणता. मामंजींनी ते माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतलं. पुढं प्राध्यापकी, नाहीतर दिल्लीचं परराष्ट्र खातं, नाहीतर परदेशातली वकिलात, हे ऐकलं तसे ते म्हणाले, "राजाराजांच्या भांडणात वकील कशाला? त्यांच्याकडं तोफा हायत की! आन फी कोन देनार? धाराशिवच्या कोर्टात बांधावरनं दोघं भांडत्यात, तितं वकील लागतो. लिव त्याला, मुकाट्यानं ये म्हनावं."

ते लिहिलं. त्यांचं काम झालं. आता माझं ऐका.

मला तुमच्या त्या कायद्याचं भारी कुतूहल लागलंय. गेल्या साली माहेराहून येताना निजामाच्या करोडगिरीच्या नाक्यावर जवानानं जकातीसाठी माझी ओटी सोडायला लावली होती, आठवतं? नारळ, खण, तांदूळ हा माल धरायचा की नाही, यावर तो आणि कारकून वाद घालत बसले आणि तुम्ही गाडीत हसत होता. आईनं ओटीत घातलेला नारळ चार पावलांत परमुलखाचा कसा होतो, हे तुमच्या पुस्तकांत असतं का? आता बार्शीकडून इंग्रज निघाले, आणि निजाम सरकार म्हणतंय आम्ही कुणातच मिळणार नाही. मग तो नाका दोन देशांमधला होणार? मी माहेरी निघाले की परदेशी निघाले म्हणायचं?

आणखी एक विचारायचं होतं. शेजारच्या इरम्माला दिवस गेलेत. तिचंही माहेर बार्शीकडचं. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. पण तिचा सासरा म्हणतो, "नाक्यापल्याड जायाचं न्हाय. लेकरू मुलकीच, निजामाच्या मुलखातलंच व्हाया पायजे, न्हायतर उद्या त्याला सरकारी नौकरी मिळायची न्हाय. आन नाका बंद झाला तर सून-नातू तिकडंच ऱ्हात्याल." मग सांगा, बाळ कोणत्या मुलखाचं? बापाच्या, की जिथं पहिलं रडेल तिथलं? बाळाच्या गळ्यात लिंग बांधताना आपले जंगम स्वामी तर कुणाचा मुलूख विचारत नाहीत.

इरम्मा दिवसभर हाच विचार करते. मध्येच हसते, मध्येच डोळे पुसते. तिला आईजवळ जायचंय, पण सासऱ्यापुढं बोलायला तोंड उघडत नाही.

तुम्ही केव्हाचे म्हणत असाल, ही इरम्मा कोण? खरंच आहे. आपल्या घराच्या एका बाजूला गोदाम, दुसऱ्या बाजूला पिंपळाचा पार. इरम्मा नावाचं शेजारी कुणीच राहत नाही.

आत्याबाई म्हणाल्या, "ही गोष्ट लिव, म्हंजी शिक्षन टाकून पळत येतोय बघ." म्हणूनच इतके दिवस लिहिलं नाही. मला भीती होती ती तुम्ही न येण्याची नाही, सगळं सोडून येण्याची. आणि रात्री मात्र वाटायचं, यावंच.

तुम्ही माझी परवानगी मागितली होती. दिली. शिका, पोटभर शिका. पण आधी एकदा या. धोंड्याचा महिना लागलाय. अप्पांनी जावयाला वाण घ्यायला बोलावलंय, आणि जावयाच्या मानाला मामंजी नाही म्हणू शकत नाहीत. पंधरा ऑगस्टच्या आत या, त्यांच्याशी बोला आणि मला घेऊन नाका ओलांडा. पहिला खटला माझा चालवा. फी अनारशांत मिळेल.

बाळाच्या मुलखाचं उत्तर पुस्तकात सापडलं नाही तरी चालेल. गाडीत तुम्ही शेजारी बसलेले हवेत.

नाका कुठंही पडो, तुमचीच,
रुद्रम्मा