बांधाबाहेरची ओळ

९ एप्रिल १९९७

आले एकदाची सेंट-क्लोटिल्डला. नवरा गेल्यावर विनिपेगचं बिऱ्हाड आवरलं आणि जिथे नन्सच्या शाळेत वाढले त्याच गावात, नदीकाठी, हे छोटं पिवळं घर घेतलं. स्वयंपाकघरातून शाळेचा मनोरा दिसतो. मधे आडवं यायला काही नाहीच, जमीन पोळपाटासारखी सपाट. शेजारचे ओनेझीमकाका मटारचं सूप घेऊन आले. म्हणाले, पोरी, या गावात उतार कुठे आहे ते पाणी आल्यावरच कळतं, आणि तो नेमका आपल्या दाराशी असतो. किती दिवसांनी मनापासून हसले.

१४ एप्रिल

आमची नदी उत्तरेला वाहते. दक्षिणेचं बर्फ आधी वितळतं, उत्तरेला पात्र अजून गोठलेलं. पुढे वाट नाही, म्हणून पाणी पसरतं. आवाज न करता, दिवसाला वीतभर. खालची काळी चिकणमाती थेंब पीत नाही.

आज सभेत नगराध्यक्षांनी नकाशावर बोट फिरवलं. बांध चर्चच्या रस्त्यावर. म्हणजे आमची घरं बाहेर, नदी आणि बांधाच्या मधे. तुम्हाला वाळूचा ट्रक देऊ, वेळ आली तर होडी पाठवू, म्हणाले. ओनेझीमकाका उठले. पन्नास सालच्या पुरातही हीच होडी पाठवणार होतात, म्हणाले, माझा भाऊ आल्देरिक आणि त्याची दोन पोरं अजून तिची वाट बघतायत. मागे कुणीतरी फिदीफिदी हसलं. सिस्टर बेर्नादेत शिकवायच्या की राग आला तर पाण्याचा घोट तोंडात धरून ठेवावा. मी नाही धरला. सगळ्यांदेखत नगराध्यक्षांना निर्लज्ज म्हटलं. बरं वाटलं.

१८ एप्रिल

सकाळपासून पोत्यांची ओळ. वाळूच्या ढिगापासून नदीकडे रचत असलेल्या पोत्यांच्या भिंतीपर्यंत आम्ही सगळे शेजारी खांद्याला खांदा लावून. डावीकडून घ्यायचं, उजवीकडे द्यायचं. ओळीत कोण उभं आहे हे कुणी विचारत नाही, आणि समोर आलेलं पोतं नाकारत नाही. ज्याने नाकारलं त्याच्या नातवंडांनाही गावात टोमणे ऐकावे लागतात. ओनेझीमकाका माझ्या डावीकडे. म्हणाले, मॅडमचे हात पियानोचे, पोती मात्र हमालासारखी झेलतायत.

दुपारी ढीग संपला. दुसरा ट्रक आला नाही. फोन केला तर ट्रक बांधाला लागतात म्हणे. त्यांना बांध, आम्हाला देवाची दया.

१९ एप्रिल

धुकं. ढिगाच्या जागी नुसती ओली जमीन, तरी पोती येतच राहिली. काकांच्या पलीकडे बरीच माणसं उभी होती. जाड लोकरीच्या बाह्या, पाणी निथळणारी. वाटलं, कुणालातरी लाज वाटली आणि मदतीला आले. आमची भिंत कमरेपर्यंत चढली. सगळे खूश.

संध्याकाळी नीट पाहिलं. आमची पोती बटाट्याची, सुतळीने बांधलेली. ही पांढरी, निळ्या दोऱ्याने शिवलेली. बांधाची पोती.

२० एप्रिल

बांधाला खिंडार पडलंय. घरातून दिसतं. पाणी बांधाच्या पायाशी आलंय, आणि पलीकडे शाळा. पुरामुळे हलवलेली खालच्या शेतांवरची मुलं तिथे वर्गांत झोपतात.

काकांना सांगितलं. त्यांना ठाऊक होतं. म्हणाले, माझ्या शेजारी जो उभा असतो त्याचं मधलं बोट अर्धं आहे. आल्देरिकचं करवतीने गेलं होतं.

जाऊन गावाला सांगायला हवं होतं. मी काय केलं? ते फिदीफिदी हसणं आठवलं. उजवीकडे दिलं, डावीकडून घेतलं. दिवसभर.

२१ एप्रिल

आज काकांनी पोतं घेतलं नाही. पुरे कर रे, म्हणाले, पोरं आहेत तिकडे. पोतं त्यांच्या पायाशी पडलं. ओळ थांबली. मी डोळे मिटले –

उघडले तेव्हा काकांच्या जागी ओली बाही. अर्धं बोट. काका कुठेच नाहीत. बाकीचे शेजारी मान खाली घालून देत-घेत होते. कुणी विचारलं नाही. मीही नाही.

२२ एप्रिल

बांध गुडघ्याएवढा उरलाय. आता नाही सहन होत, जाते बांधावर. मुलांचा आवाज इथवर येतो.

दुपार

बांधावर बसून लिहितेय. पोतं परत ठेवते, ते ओल्या बाह्यांचे काढतात. ठेवते, काढतात. पलीकडून पहारेकरी ओरडतोय – चोरटे, बांधाला हात लावू नकोस. त्याला ते दिसत नाहीत. फक्त मी दिसते.

ओरडून सांगितलं त्यांना – माझाही राग आहे, तुमच्याइतकाच, पण मुलांनी काय केलंय.

थांबले. सगळे.

आल्देरिक पुढे आला. म्हणाला, हे आमच्या पोरांसाठी कुणीच म्हटलं नाही. शांतपणे म्हणाला. मग हातात पोतं दिलं. घेतलं मी, हात आपोआपच –

वाळूचं नाही. हलकं आहे. आतून दोन लहान हात माझ्या मनगटाला –