शेवटच्या रांगेतली खूण

मामा,

तुला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ, आणि लिहिताना मान वर होत नाही.

आवडत्या बँडचे सगळे कार्यक्रम मी लहानपणापासून तुझ्या साउंड-मिक्सरशेजारी उभी राहून ऐकले. एकदा भर गाण्यात वीज गेली, तरी गाणारी ताई माइकशिवाय गातच राहिली. तू हाताची घडी घालून हसलास, "चला, साउंडवाल्याला सुट्टी!" त्याहून सुंदर कार्यक्रम मी ऐकलेला नाही.

पहिलं गाणं सुरू झालं की आवाज कसा पोचतोय ते पाहायला तू मला शेवटच्या रांगेत पाठवतोस. परवाही पाठवलंस. ताईचा आवाज कानात सुईसारखा घुसत होता. तुला ते जाणवतच नव्हतं. मी मात्र दुरून 'छान' अशी खूण केली.

नंतर ताई चिडली, "दादा, लोक कानांवर हात ठेवून बसले होते! आवाज कसला लावलात?"

"माझ्या भाचीला विचार. ती मेली तरी खोटं बोलायची नाही."

मी म्हणाले, "मागे तर छान येत होता."

ताईचा चेहरा पडला. "मग माझाच गळा गेला असेल." पुढचा कार्यक्रम तिने रद्द केलाय.

मामा, तुझे कान पूर्वीसारखे राहिले नाहीत. तुला हे सांगायला जीभ रेटेना, म्हणून मी दोष तिच्या गळ्यावर ढकलला.

हे पत्र पेटीत टाकणार नाही. संध्याकाळी येऊन समोरच सांगते. हवं तेवढं ओरड. मग ताईला फोन मीच लावीन, पण तू शेजारी बस.

तुझी,
भित्री भागूबाई