भिशीचा दुसरा नंबर

डोंबिवली,
७ एप्रिल २०२५

प्रिय मीराकाकी,

सप्रेम जयभीम.

तुझे गुडघे कसे आहेत? जयंतीच्या तयारीत चाळीचे जिने वर-खाली करत असशील, म्हणून आधी तेच विचारते. मी बरी आहे. वजन थोडं उतरलंय, पण वेळेवर जेवते, तू विचारायच्या आधीच सांगते. आई-पप्पा महाडला मजेत आहेत. पप्पांनी परसात वांगी लावलीत आणि प्रत्येक वांग्याचा फोटो मला येतो.

दोन वर्षांनी एकदम पत्र आलं म्हणून घाबरू नकोस. फोनच करणार होते, पण तुझा आवाज ऐकला असता तर मला पुढे बोलता आलं नसतं.

बातमी चांगली आहे. माझं कर्ज फिटलं! मागच्या शुक्रवारी शेवटचा हप्ता गेला. दोन क्रेडिट कार्डं आणि मोबाइलवरून घेतलेली तीन कर्जं, मिळून दोन लाख ऐंशी हजार. एवढ्या पैशांचं घेतलं काय, तर एक फोन आणि गोव्याची एक ट्रिप. बाकी सगळं व्याज. ह्याची टोपी त्याला करत गेले आणि शेवटी माझंच डोकं उघडं पडलं. मग चाळीतली खोली भाड्याने दिली, इथे तीन मुलींबरोबर राहिले, लॅबच्या काउंटरची नोकरी सांभाळून रविवारी एका क्लासच्या ऑफिसात फोन उचलले. गोव्याचं नाव काढलं तरी आता मी विषय बदलते.

फेब्रुवारीत चाळीतली नलूमावशी आमच्या दादरच्या लॅबमध्ये साखर तपासायला आली होती. तिने तुला सांगितलंच असेल. मी मास्क डोळ्यांपर्यंत ओढून खाली मान घालून पावती करत होते. पण तिच्यापासून कुणी लपलंय?

"काय गं संघमित्रा, तोंड काय लपवतेस? चोरी केलीस काय?"

मला वाटलं, झालं, आता सगळ्या पेशंटांसमोर माझी अब्रू जाणार. तर ती म्हणते, "तुझं उदाहरण देते मी आमच्या सुनेला. एवढी डोंबिवलीला गेलीस, पण भिशीचा एक हप्ता चुकवला नाहीस. दर दहा तारखेला मीरा सगळ्यांसमोर नावं वाचायची, संघमित्राचे आले. आमची बाई चाळीत राहून उशीर करते!"

काकी, मी पाच हजारांचे तीनच हप्ते दिले होते. दुसऱ्याच महिन्यात साठ हजार उचलले आणि एप्रिलपासून एक रुपया दिला नाही. बारा जणींतल्या एकीने बुडवले तर चालवणारीला पदरचे भरावे लागतात, हे मला माहीत होतं. पण तू चार शिव्या देशील, सगळ्या जणींना सांगशील, असंच मी धरून चालले होते.

नलूमावशीचं चालूच होतं. "मीराला त्या वर्षी काय खूळ भरलं होतं देव जाणे. लालबागला मसाल्याच्या दुकानात मिरच्यांची देठं खुडायला बसायची. पोरगा पैसे देतो, मग कशाला पाहिजे गं ह्या वयात? हात नुसते भडकायचे. सीतारामभावजी संध्याकाळी गॅलरीत बसून तिच्या हातांना तूप चोळायचे."

तिची पावती माझ्या हातातच राहिली.

म्हणजे काकांनाही ठाऊक होतं. त्या सप्टेंबरात त्यांचा फोन आला होता. "जेवलीस का गं?" एवढंच विचारलं. पैशांचा विषयसुद्धा काढला नाही.

आता लिहायलाच हवं. काका गेले तेव्हा पुण्यानुमोदनाला मी आले होते. नाक्यापर्यंत. हातात पांढऱ्या फुलांची पुडी होती. चाळीखाली भिशीच्या सगळ्या जणी उभ्या दिसल्या आणि माझे पाय अडले. वाटलं, म्हणतील, आली बघा पैसे बुडवून गेलेली. मी तशीच परत फिरले. त्यांच्यातल्या एकीलाही काही माहीत नव्हतं गं! तू माझी लाज राखली होतीस आणि मी त्याच लाजेपायी काकांना शेवटचं वंदन केलं नाही. याचा मला माझाच राग येतो, अजून येतो.

आणखी एक आहे. खरं तर पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं आणि इतका वेळ वांग्यांचं वगैरे लिहीत बसले. चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा दुसरा नंबर तुझा निघाला होता, माझा अकरावा. मी तुला म्हटलं, लॅब टेक्निशियनच्या कोर्सची फी भरायचीय. तू म्हणालीस, "शिक्षण पैशासाठी अडायचं नाही, घे माझा नंबर." काकी, कोर्स नव्हताच. फॉर्मसुद्धा आणला नव्हता. सगळे पैसे कार्डांत गेले. आपल्या माणसांत शिक्षणाचं नाव काढलं की कुणी दुसरा प्रश्न विचारत नाही, हे मला माहीत होतं. म्हणूनच मी ते कारण निवडलं. तुझे पंचेचाळीस हजार मी परत करू शकते. हे कसं परत करायचं ते मला कळत नाही.

ही गोष्ट महाडला पोचली असती तर पप्पांनी होती नव्हती ती जमीन विकली असती. त्यांची मान तू खाली जाऊ दिली नाहीस. आभार मानलेले तुला खपत नाहीत, तरी मानते. ओरड हवं तर.

येत्या रविवारी, जयंतीच्या आदल्या दिवशी, मी येते. पैसे घेऊन येते, आणि नको म्हणायचं नाही. भिशीच्या बायकांना खरं काय ते मी माझ्या तोंडाने सांगणार आहे, तू मध्ये पडू नकोस. पण सगळ्यात आधी मला काकांच्या फोटोपुढे थोडा वेळ बसू दे. मग तुला जे बोलायचं ते बोल. दार लावून घेतलंस तर गॅलरीत बसून राहीन, पण जिना उतरणार नाही.

तुझ्या दारात येणारी,
संघमित्रा