माझी प्रार्थना मागच्या बाकापर्यंत पोचते

सोमवार, ३ मार्च
चर्चच्या वडीलमंडळात एक जागा रिकामी झाली. निवड १६ तारखेला, रविवारच्या उपासनेनंतर, हात वर करून. उमेदवार दोन : मी आणि विमेवाला. म्हणजे खरं तर एकच. माझी प्रार्थना माइकशिवाय मागच्या बाकापर्यंत पोचते. विमेवाला प्रार्थनेला उभा राहिला की हप्ता थकल्यासारखा आवाज लागतो.
तरी गाफील राहायचं नाही. वडीलमंडळात बसणाऱ्या माणसाचं देवाशी घरगुती नातं हवं. उद्यापासून पहाटे पाचला एकांतात प्रार्थना.

मंगळवार, ४ मार्च
पाचला उठलो. गजर बंद केला. प्रभूला आपण झोपेतही कळतोच.

गुरुवार, ६ मार्च
पहाटेचा कार्यक्रम रद्द. गुडघे. बायको म्हणाली, बुटांच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांच्या पायाशी बसता, तेव्हा नाही दुखत? काय बोलायचं! गिऱ्हाईक निदान पाय पुढे करतं, घट्ट होतोय की सैल ते सांगतं. वरून हूं की चूं येत नाही. माणसाने किती वेळ वाकून बसायचं?

रविवार, ९ मार्च
आज सर्वांसाठीची प्रार्थना माझ्याकडे होती. जगातली राज्यं घेतली, दुष्काळ घेतला, रोगी, अनाथ, समुद्रावरचे प्रवासी, कोणाला सोडलं नाही. तिसऱ्या बाकावर रुमाल निघाले. पाळकसाहेब मध्येच दोनदा खाकरले. त्यांचा घसा बरा नसावा.
परतताना बायकोने सांगितलं की मानेवर गाठ आहे, डॉक्टर काढून तपासायला पाठवणार आहेत. तिला बुधवारीच कळलं होतं. मला आधी का नाही सांगितलंस, विचारलं. तर म्हणे, तुमचा सराव चालला होता.

मंगळवार, ११ मार्च
ऑपरेशन रविवारी सकाळी! सर्जन बाहेरगावाहून येतात, त्यांना तेवढाच वार जमतो. हॉस्पिटलात फोन करून निवडणुकीची अडचण समजावून सांगितली. बाईंनी फोन ठेवला.
बायको म्हणाली, तुम्ही चर्चला जा, ताई बसेल माझ्यापाशी. समजूतदार आहे. आठला तिला आत नेतील, साडेनऊला मी उपासनेला हजर. आणि तिथे उभं राहून सांगायचं की पत्नी या क्षणी शस्त्रक्रियेच्या टेबलावर आहे आणि सेवक आपल्या जागेवर आहे. हे मी मतांसाठी करत नाहीये. पण लोकांचे हात आपसूक वर गेले तर मी काय ते धरून ठेवू?

शुक्रवार, १४ मार्च
प्रार्थना तयार. दुकानात पायाच्या आरशासमोर वाकून म्हणून पाहिली. कॅशवरच्या बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. मागाहून कळलं, त्यांनी नव्या लेन्स घातल्या होत्या. तरीही.
जेवताना बायको म्हणाली, आपण दोघंच जरा प्रार्थना करू या का? म्हटलं, रविवारसाठी राखून ठेवलीय, आत्ता म्हटली तर शिळी होईल. ती ताटं उचलून मोरीकडे गेली. भांडी घासता घासता स्वतःच काहीतरी पुटपुटत राहिली. ना वचनांचे संदर्भ, ना विस्तार. मध्येच नळ मोठा सोडला.

रविवार, १६ मार्च. दुपार
सकाळी तिला आत नेलं. जाताना चष्मा काढून माझ्या हातात दिला. चष्म्याविना ती फार लहान दिसली.
नऊ वाजता मेव्हणी म्हणाली, भावजी, निघा आता, उशीर होईल. निघालो. जिन्यापर्यंत गेलो. पाय पुढे जाईना. रिक्षा मिळाली नसती असंही नाही, खाली चार उभ्या होत्या. मला भीती वाटली. खूप वाटली.
मागे फिरलो आणि चादरींच्या कपाटाआड उभा राहिलो. तयार प्रार्थना काढली. हे आकाश व पृथ्वीच्या उत्पन्नकर्त्या, इथपर्यंत आलं. पुढचं एक अक्षर आठवेना. मग नुसतं, देवा, तिला नेऊ नकोस, मला चहासुद्धा करता येत नाही. तेच. पुन्हा तेच. फरशी पुसणारी बाई बादली घेऊन आली तेव्हा कळलं की मी खाली बसलोय.

सोमवार, १७ मार्च
डॉक्टर म्हणाले, गाठ साधी दिसतेय, रिपोर्ट यायचाय, पण काळजी नको. बायकोने चष्मा मागून घेतला आणि माझ्या शर्टाच्या चुकलेल्या बटणांवरून मला बोलली. फार बरं वाटलं.
विमेवाला निवडून आला. विरोधात कोणी नव्हतंच. पाळकसाहेब भेटायला आले होते. काल काय करत होतात म्हणून विचारलं. प्रार्थना, म्हटलं. ते म्हणाले, मंडळीला जरूर सांगा त्या प्रार्थनेबद्दल. मी घाईघाईने हवेचा विषय काढला.
सांगणार काय, कपाळ! आयुष्यात इतकी भिकार प्रार्थना केली नव्हती. धड सुरुवात नाही, एकही वचन नाही, जगातल्या राज्यांचा उल्लेख नाही, शेवटी आमेनसुद्धा राहिलं. एकच वाक्य घोकत बसलो, त्यातही चहा. बरं झालं, तिथे ऐकायला कोणी नव्हतं.