करंज्यांचा डबा आणि दोन शपथा

गोडदेव, भाईंदर पूर्व
१४ सप्टेंबर २०२५

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुला ऐकू कमी येतं ते एका अर्थी बरंच. ही गोष्ट फोनवर ओरडून सांगण्यासारखी नाही. आमच्या एवढ्याशा घरात कुजबुजलं तरी बाबांना ऐकू जातं.

तू विचारलंस, सरावाच्या दिवशी मी काय खाते. उठल्यावर कोमट पाणी आणि भिजवलेले बदाम. मग उकडलेल्या अंड्यांचं नुसतं पांढरं. बलक खाली मांजरीला जातात, तिचं वजन कुणी करत नाही. जिमहून आले की पाण्यात शिजवलेले ओट्स. दुपारी बिनतेलाचं चिकन आणि काकडी, संध्याकाळी मोड आलेले मूग, रात्री दुधीचं सूप. फोडणीची कढली आईने माळ्यावर टाकली आहे. खाली फरसाणवाला सकाळपासून फाफडा तळतो आणि मी खिडकीच्या ग्रिलला नाक लावून उभी असते.

जानेवारीत राज्य स्पर्धा आहे. अठ्ठेचाळीस किलोच्या गटातच राहिले तर पदक नक्की, असं सर म्हणतात. पण आत्या, मला हे वेटलिफ्टिंग आता नको झालंय. मला पोटभर जेवायचंय. हे बाबांना कसं सांगू? दोन वर्षांपूर्वी मी त्या उकडलेल्या ताटासमोर रडले, तर त्यांनी आपली सुरमई बाजूला सारली आणि म्हणाले, आजपासून तू खाशील तेच मी खाणार. तेव्हापासून एक घास इकडचा तिकडे नाही. ज्या माणसाने माझ्यासाठी मासे सोडले, त्याला मी खेळ सोडते म्हणून सांगू? तुला माझ्या गळ्याची शपथ, त्यांना कळू देऊ नकोस.

भुकेल्या भाचीवर लोभ असू दे.
तुझी,
रसिका


गोडदेव
२१ सप्टेंबर

ती. स्व. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तब्येत विचारलीस. माझ्या पट्ट्याला चांभाराकडून नवीन भोक पाडून घ्यावं लागलं. लोक म्हणतात, दत्ताराम तरुण दिसायला लागला. कसला तरुण! परवा ऑफिसचा जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी आली. साहेबांना चष्म्याचा नंबर वाढलाय म्हणून सांगितलं.

रविवारी केबिन रोडवरून येताना पाय आपोआप मासळी बाजाराकडे वळले. आपली उत्तनची आयडा बांगडे घेऊन बसली होती. मी नुसताच उभा. तिने विचारलं, काका, घरात कुणी गेलं-बिलं की काय, किती दिवसांत टोपलीला हात लावला नाहीत. काय सांगणार? तुझ्या हातच्या बांगड्याच्या तिखल्याची आठवण येऊन डोळ्यांत पाणी आलं, हे फक्त तुला सांगतो.

रसिकाने हे सगळं थांबवलं तर मी रवळनाथाला नारळ देईन. पण माझ्या तोंडून थांब हा शब्द यावा कसा? पोरीची जिद्द अशी की या दोन वर्षांत हूं की चूं नाही. आपल्याआधी बापच थकला असं वाटलं तर ती मोडून पडेल. तुला माझी शपथ, तिला यातलं काही लिहू नकोस.

कृपा असू दे, आणि माझ्या नावाने एक घास जास्त घे.
तुझा भाऊ,
दत्ता


कुडाळ
९ ऑक्टोबर

चि. रसिकास,
अ. उ. आ.

शपथ घालणारी सुटते आणि जिला घातली ती अडकते. इकडे मलाच जेवण जात नाही.

शेजारचा काशीनाथ दिवाळीसाठी मुलाकडे मुंबईला निघाला आहे. त्याच्याबरोबर सुक्या खोबऱ्याच्या करंज्या पाठवते. लक्ष्मीपूजनाला डबा सगळ्यांच्या मधोमध ठेव आणि एकीला तरी तोंड लाव. माझ्या करंजीपुढे भल्याभल्यांचे नेम मोडलेत, तुझा काय टिकणार!

आईला आशीर्वाद सांग.
तुझी,
आत्या


गोडदेव
२३ ऑक्टोबर

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

करंज्या पोचल्या. डबा उघडला तर घरभर वेलदोड्याचा वास. बाबांनी एक उचलली. मी हात पुढे करणार, तेवढ्यात त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि करंजी परत डब्यात ठेवली. त्यांचा निग्रह पाहून मला स्वतःची लाज वाटली. मी हात आवरला आणि दिवाळीच्या दिवशी दुधीचं सूप प्यायले. आईने डबा शेजारच्या हंसाबेनना देऊन टाकला.

आत्या, आता तर मला कधीच बोलता येणार नाही. रागावू नकोस.
तुझी,
रसिका


गोडदेव
२३ ऑक्टोबर

ती. स्व. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझी करंजी मी तोंडापर्यंत नेली होती गं. समोर पाहतो तर रसिका माझ्याकडे एकटक बघतेय. कोणत्या तोंडाने खाणार? ठेवून दिली. तिने तर डब्याला बोटही लावलं नाही. हा निर्धार कुणाकडून आला कोण जाणे, आपल्या घरात तर सगळे खादाड.

रिकामा डबा कसा द्यायचा म्हणून हंसाबेनने त्यात मोहनथाळ घालून पाठवला. तोही वॉचमनकडे गेला. जानेवारीनंतर राष्ट्रीय स्पर्धा असते म्हणे. मला यातून वाट दिसत नाही.

आठवण ठेव.
तुझा,
दत्ता


कुडाळ
२ नोव्हेंबर

चि. दत्ताराम आणि चि. रसिका, दोघांना एकाच पाकिटातून
अ. उ. आ.

तुम्हा दोघांची पत्रं एकाच दिवशी आली. आधी हसले, मग पदर डोळ्यांना लावला.

तुम्ही दोघांनी मला शपथा घातल्यात. त्या मी मोडत नाही. पण घरात सगळ्यांत मोठी मी आहे, तेव्हा आता माझी शपथ ऐका. हे पत्र मिळेल त्या दिवशी समोरासमोर बसा आणि मला जे जे लिहिलंत ते एकमेकांना सांगा. एक अक्षर गाळायचं नाही.

काशीनाथ दिवाळीहून परत आला होता, त्याला पुन्हा पिटाळलं आहे. पत्रासोबत त्याच्या हाती दुसरा डबा आहे. तो हंसाबेनकडे गेला तर मी तुमच्या दारात पाऊल ठेवणार नाही. दत्ता, पहिली करंजी तू खा, आणि या वेळी परत ठेवू नकोस. पोर कधीची तुझ्याकडेच बघत बसली आहे.

उत्तर जेवून झाल्यावर लिहावं.
तुमची,
अक्का आणि आत्या, अनसूया