सपक चटणीची शिक्षा

१८ एप्रिल
वर्षभराची चटणी बिघडली. रागाच्या भरात वर श्री लिहायचं राहिलं. आता श्री.
धाकटी जाऊ बाळाबाई डंकावर चटणी कांडायला गेलती. मला न विचारता संकेश्वरी मिरची निम्म्यावर आणली आणि ब्याडगी वाढवली. रंग बघून वाटावं जिभेला आग लागंल, खाल्लं तर गाजराचा कीस. म्हणती, डॉक्टरनं तुम्हाला तिखट बंद केलंय. डॉक्टर काय ह्या घरात नांदायला आलाय?
चाळीस वर्षं एका चुलीवर काढली. तरी न्याय तो न्याय. आजपासून अबोला.

२० एप्रिल
नात वर्षाराणी वकिलीचं शिकती. तिनं सांगितलं, शिक्षा तीन कारणांनी देतात. केल्याची फेड, बाकीच्यांना जरब, गुन्हेगाराची सुधारणा. माझ्या अबोल्यात तिन्ही हाईत. चौथीपर्यंतच्या शिक्षणात हे आधीच कळलंतं.
वर म्हणती, आजी, आरोपीची बाजू ऐकावी लागती. ऐकली असती. पण अबोला हाय की.

२४ एप्रिल
फेड होईना. बाळाबाई टीव्ही लावून निवांत. मीठ मागायचं तरी मला वर्षाराणीला मधी घालावं लागतं. ती पोरगी कॉलेजात गेली की मी अळणी जेवतो.

३० एप्रिल
जरब बसली म्हणावं, तर सूनबाईनं आमटीतलंबी तिखट कमी केलं.
बारा दिवस छातीत जळजळ न्हाय. ती रागाची होती. शिक्षा सुनावली, राग निवला. चटणीचा काय संबंध न्हाय.

५ मे
दमलो. उद्या माफ करायचं ठरवलंय. तिनं आधी बोलायचं.

६ मे, सकाळी ९
बोलली न्हाय. सुधारणा शून्य. मुदत वाढवली.

८ मे
बोलली. पिशवी भरून दारात उभी. "आक्का, गडहिंग्लजला लेकीकडं निघालो. तिथं बोलायला माणूस तरी हाय."
परत कधी येणार, हे अगदी ओठावर आलतं. पण शिक्षा अर्ध्यात मोडली तर कायद्याला काय किंमत राहणार?
एसटी वेळेवर सुटली म्हणे. एरवी कधी सुटत न्हाय.

१३ मे
सूनबाईनं विचारलं, नवी चटणी कांडूया का, झणझणीत? म्हणलं, राहू दे. संपली की बघू.
बाळाबाईचा फोन रोज सातला येतो. सूनबाई आत नेऊन बोलती, मला अक्षर ऐकू येत न्हाय. मी काय बोलणार न्हाय, शिक्षा चालू हाय. पण आजपासून फोन वर्षाराणीनंच उचलायचा. माझ्या खाटंवर बसून, स्पीकर लावून.